शाळा बंद पडली, मग इमारतीचं काय झालं?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्या प्रत्येकाच्या टेबलावर एखादं पुस्तक असं असतंच, की जे वाचून वाटतं, 'बस्स, हेच आपल्याकडे करायचं.' तुमच्याही टेबलावर असेल. माझ्या टेबलावर होतं मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल स्टेल गार्नेट यांचं 'लॉस्ट क्लासरूम, लॉस्ट कम्युनिटी'. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेसने २०१४ मध्ये काढलेलं. लेखिका दोघीही नोट्र डाम विद्यापीठाच्या कायदा शाखेतल्या. विषय अमेरिकेतल्या शहरांमधल्या कॅथलिक शाळा बंद पडण्याचा.

मी ते दोन रात्रींत वाचलं, आराखड्यात त्याची पद्धत जवळजवळ उचलली, आणि आनंदात मार्गदर्शक मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी बारा पानं शांतपणे उलटली आणि विचारलं, "शाळा बंद झाली हे कळलं. इमारतीचं पुढे काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं, आणि लक्षात आलं की माझी अडचण बरीचशी पुस्तकातूनच आलेली आहे. आजची पोस्ट त्या अडचणीबद्दल आहे. पुस्तक वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. उलट चांगलं आहे म्हणूनच त्याच्याशी भांडायला मजा येते.

आधी थोडी पार्श्वभूमी. वसई, वांद्रे किंवा गोव्याच्या वाचकांना पॅरिश म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी: एका चर्चच्या हद्दीत येणारी वस्ती म्हणजे पॅरिश, आणि त्या चर्चने चालवलेली शाळा म्हणजे पॅरोकियल शाळा. १८८४ मध्ये बाल्टिमोरला अमेरिकन बिशपांची तिसरी मोठी परिषद झाली. तिथे ठरलं की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहिली पाहिजे. ते तंतोतंत पाळलं गेलं नाही, पण आयरिश, पोलिश, जर्मन, इटालियन स्थलांतरितांनी पै पै जमवून हजारो शाळा बांधल्या. १९६० च्या दशकाच्या मध्यात अशा सुमारे १३,००० शाळा होत्या आणि त्यांत ५० लाखांहून अधिक मुलं शिकत होती. आज शाळांची संख्या निम्म्याहून कमी आहे, आणि मुलं तर एक तृतीयांशच राहिली आहेत. कारणं अनेक. जवळजवळ फुकट शिकवणाऱ्या नन कमी झाल्या, त्यामुळे पगारी शिक्षक आले, त्यामुळे फी वाढली. गोरे कॅथलिक उपनगरांत गेले. जुन्या वस्त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी कुटुंबं आली. त्यांतली बरीच कॅथलिक नव्हती, आणि होती त्यांना फी परवडत नव्हती.

शाळा बंद होते, पण तिची इमारत चर्चच्या शेजारीच उभी राहते. तीन मजली, विटांची, दारावर दगडात कोरलेलं वर्ष, कुठे कुठे मुलांचं आणि मुलींचं दार वेगळं. आणि मग गल्लीत सुरू होतं: इथे आता काय होणार?

ब्रिनिग आणि गार्नेट यांचा प्रश्न याच्या एक पायरी अलीकडचा आहे. कॅथलिक शाळा बंद पडली की त्या वस्तीचं काय होतं? मुलांच्या गुणांचं काय होतं हे आधी पुष्कळांनी तपासलं होतं. जेम्स कोलमन आणि थॉमस हॉफर यांनी १९८७ मध्येच असं मांडलं होतं की या शाळांचं यश पालकांच्या आपसातल्या ओळखीतून येतं. तुमच्या मुलाच्या मित्राची आई तुम्हाला ओळखते, म्हणून मुलावर दोन घरांची नजर राहते. ब्रिनिग-गार्नेट विचारतात, या ओळखींचा फायदा ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत त्या शेजाऱ्यांनाही होतो का? हा प्रश्न खरोखर छान आहे. शाळेचा परिणाम शाळेच्या भिंतीबाहेर मोजायचा.

मोजण्यासाठी त्यांना शिकागोत एक खजिना मिळाला. १९९० च्या दशकात तिथे मानवी विकास आणि वस्त्यांबद्दलचा एक प्रचंड प्रकल्प झाला. त्यात शहराची ३४३ वस्त्यांत विभागणी केली आणि १९९५ च्या सुमारास ८,७८२ रहिवाशांना घरी जाऊन प्रश्न विचारले. शेजारी एकमेकांना मदत करतात का, विश्वास ठेवतात का, गल्लीत कचरा, दारू पिऊन दंगा, रंगवलेल्या भिंती, ओसाड इमारती यांचा किती त्रास होतो. रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन रॉडेनबुश आणि फेल्टन अर्ल्स यांचा १९९७ चा 'सायन्स'मधला प्रसिद्ध लेख याच सर्वेक्षणावर उभा आहे. ब्रिनिग आणि गार्नेट यांनी ही माहिती बंद पडलेल्या शाळांच्या यादीशी जोडली. निष्कर्ष असा: जिथे शाळा बंद पडली तिथे लोकांना अव्यवस्था जास्त जाणवते आणि एकोपा कमी वाटतो. पुढे पोलिसांच्या बीटनुसार गुन्ह्यांची आकडेवारीही घेतली. सगळ्या शहरात गुन्हे घटत होते, पण शाळा गमावलेल्या बीटमध्ये ते सावकाश घटले. फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिसमध्येही त्यांनी हेच तपासलं, आणि लॉस एंजेलिसचं चित्र शिकागोइतकं स्पष्ट नाही हेही पुस्तकात आहे. न जुळणारं शहर लपवलं नाही, याचं मोल तुम्हाला पहिला स्वतःचा निकाल उलटा आल्यावर कळेल.

आता पहिली शंका कोणालाही येईल. वस्ती आधीच ढासळत होती म्हणून शाळा बंद पडली नसेल कशावरून? कारण कुठलं, परिणाम कुठला? लेखिकांनाही हे माहीत आहे. त्यासाठी त्या इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबलच्या धर्तीची वाट धरतात. साध्या भाषेत सांगतो. शाळा बंद होण्यावर परिणाम करणारी, पण वस्तीच्या परिस्थितीशी दुसऱ्या कुठल्याही रस्त्याने न जोडलेली एखादी गोष्ट शोधायची. त्यांनी निवडला पॅरिशचा धर्मगुरू. त्याचं वय, पॅरिशच्या नेतृत्वात नेहमीपेक्षा वेगळी काही व्यवस्था आहे का, अशा गोष्टी. तर्क असा की धर्मगुरू वरून नेमला जातो, वस्ती त्याला निवडत नाही. शाळेत रस असलेला, उत्साही माणूस आला तर शाळा तगते, थकलेला आला तर बंद पडते. म्हणजे धर्मगुरूच्या निमित्ताने जणू नशिबाने काही शाळा वाचल्या आणि काही गेल्या.

वाचताना मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. अजूनही वाटते. पण 'दुसऱ्या कुठल्याही रस्त्याने न जोडलेली' ही अट परत वाचा.

शिकागोच्या इतिहासाची थोडी ओळख असलेला माणूस इथेच अडखळेल. १९३९ मध्ये कत्तलखान्यांच्या मागच्या वस्तीत सॉल अलिन्स्की आणि जोसेफ मीगन यांनी 'बॅक ऑफ द यार्ड्स नेबरहूड कौन्सिल' उभी केली. अमेरिकेतल्या वस्ती-संघटनाची ही पाठ्यपुस्तकातली सुरुवात. ती उभी राहिली ती स्थानिक पॅरिशांच्या खांद्यावर आणि बिशप बर्नार्ड शील यांच्या पाठिंब्याने. त्या शहरात धर्मगुरू फक्त शाळा चालवत नव्हता. तो भाडेकरूंच्या तक्रारी घेऊन नगरसेवकाकडे जायचा, टोळीतल्या पोरांना जिममध्ये ओढायचा, युनियनच्या सभेला हॉल द्यायचा. थकलेला धर्मगुरू आला की शाळेबरोबर हे सगळंच थंड पडणार. मग सर्वेक्षणात एकोपा कमी दिसला, तर तो शाळा गेल्यामुळे की माणूसच तसा आल्यामुळे? धर्मगुरूपासून वस्तीपर्यंत शाळेला वळसा घालून जाणारे दहा रस्ते आहेत.

तुम्ही आपल्याकडच्या शाळांवर असाच आराखडा करायचा विचार करत असाल तर इथे सावध व्हा. २० पेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांचं काय करायचं, समूह शाळा कराव्यात का, यावर महाराष्ट्रात २०२२ पासून बराच वाद झाला, आणि त्यावर प्रबंध होणार हे उघड आहे. त्यात कोणीतरी मुख्याध्यापकाची बदली हे 'साधन' म्हणून वापरणार हेही मला दिसतंय. ज्या गावात मुख्याध्यापक ग्रामसभेत बोलतो, पाणंद रस्त्याच्या भांडणात मध्यस्थी करतो, त्या गावात त्याची बदली ही फक्त शाळेची घटना असते का? आधी गावात आठ दिवस राहून बघा, मग समीकरण लिहा.

बरं, हा आक्षेप पद्धतीचा झाला आणि तो माझ्याआधीही कोणाला सुचला असेल. मॅडमचा प्रश्न वेगळा होता.

पुस्तकाच्या मुख्य प्रारूपात शाळेची दोनच रूपं आहेत: उघडी किंवा बंद. शून्य किंवा एक. पण बंद झालेल्या दिवसापासून त्या इमारतीचं पुढचं आयुष्य सुरू होतं, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. एखादी इमारत दुसऱ्याच उन्हाळ्यात चार्टर शाळेला भाड्याने जाते. एखादी विकली जाऊन तिच्या वर्गांची घरं होतात. फिलाडेल्फियाच्या पोर्ट रिचमंड भागात नेटिव्हिटी पॅरिशच्या शाळेत आता ज्येष्ठांसाठी परवडणारी घरं आहेत. एखादी पाडून गाड्या लावायला जागा होते. आणि एखादी दहा वर्षं तशीच उभी राहते, खिडक्यांना प्लायवूड ठोकून. या चारही ठिकाणी ब्रिनिग आणि गार्नेट यांच्या तक्त्यात एकच आकडा आहे: १.

यातली गंमत अशी की लेखिकांचा सगळा सैद्धांतिक आधार जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांच्या १९८२ च्या 'ब्रोकन विंडोज' लेखाच्या परंपरेतला आहे. इमारतीची एक फुटलेली काच दुरुस्त झाली नाही तर बाकीच्याही फुटतात, कारण कोणाचं लक्ष नाही असा त्याचा अर्थ होतो. त्यांच्या एका आधीच्या लेखाच्या नावातच ब्रोकन विंडोज आहे. आणि नेमकी त्या शाळेच्या खिडक्यांची अवस्था प्रारूपात नाही!

माहिती मिळण्यासारखी नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. त्याच शिकागो प्रकल्पात गाडीतून हळू हळू जात दोन्ही बाजूंचं चित्रीकरण केलं होतं. १९६ वस्त्या, २३,००० हून अधिक रस्त्यांच्या बाजू. लोकांना काय वाटतं हे एकीकडे आणि रस्त्यावर प्रत्यक्ष काय दिसतं हे दुसरीकडे. सॅम्पसन आणि रॉडेनबुश यांनी हे दोन्ही जुळवून २००४ मध्ये दाखवलं की लोकांना जाणवणारी अव्यवस्था ही रस्त्यावरच्या कचऱ्यापेक्षा वस्तीत कोण राहतं यावर, म्हणजे वंश आणि गरिबीवर, जास्त अवलंबून असते. कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढलं की तेवढीच घाण लोकांना जास्त वाटते, आणि असं वाटणाऱ्यांत कृष्णवर्णीय रहिवासीही असतात. ज्या वस्त्यांत कॅथलिक शाळा बंद पडल्या त्या बहुधा याच बदलातून गेलेल्या वस्त्या. म्हणजे 'जाणवलेली अव्यवस्था' हे माप जिथे सर्वात डळमळीत आहे, तिथेच त्यावर सर्वात जास्त भार टाकलेला आहे. आणि 'एकोपा' या शब्दालाही इतिहास आहे. जॉन मॅकग्रीव्ही यांचं 'पॅरिश बाउंड्रीज' हे १९९६ चं पुस्तक वाचा. गोऱ्या कॅथलिक पॅरिशांतला घट्टपणा कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवण्यासाठीही वापरला गेला. १९६६ मध्ये शिकागोच्या मार्केट पार्कमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना दगड लागला, तेव्हा त्या जमावात पॅरिशशी बांधलेली माणसंही होती. हे ब्रिनिग आणि गार्नेट यांच्या आकड्यांना खोटं पाडत नाही, पण एकोपा जास्त म्हणजे चांगलंच, हे सरळ समीकरण जरा वाकडं होतं.

आता मी ज्यात अडकलो तो भाग. शाळा बंद होणं आणि इमारतीचं नवं काही होणं यांच्या मधला काळ. याला माझ्या आराखड्यात आधी जागाच नव्हती, आणि आता तोच माझा विषय होऊन बसलाय.

या काळात वस्तीत काय चालतं? बोलणं चालतं. आपल्या मराठीत यासाठी एक फार उपयोगाचा शब्द आहे, 'म्हणे'. बिल्डर येऊन गेला म्हणे. चार्टर शाळा येणार म्हणे. बेघरांचा निवारा करणार म्हणे. व्यसनमुक्ती केंद्र. पार्किंग. बोलणारा माहिती देतो आणि त्याच श्वासात तिची जबाबदारी झटकतो. लालबाग-परळच्या जुन्या लोकांना हा काळ शिकवावा लागणार नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या भिंतीबाहेर वर्षानुवर्षं हेच 'म्हणे' चाललं. १९९१ च्या नियमावलीतून जमिनीचा तिसरा हिस्सा घरांना मिळणार म्हणून लोक आशेवर राहिले, आणि २००१ च्या बदलाने त्या हिश्श्याचा अर्थच आक्रसला.

अफवांवरचं संशोधन तुमच्या वाचनात नसेल तर दोन पुस्तकं आधी वाचा. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांचं १९४७ चं. त्यांचं सूत्र असं की अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले संदिग्धता. गुणाकार आहे, म्हणजे दोघांतलं एक शून्य झालं तर अफवा नाही. त्यांच्या मते अफवा सांगता सांगता बिघडत जाते. दुसरं तामोत्सू शिबुतानी यांचं, १९६६ चं. ते उलटं सांगतात. अधिकृत बातमी मिळत नाही तेव्हा माणसं एकत्र बसून, असलेल्या तुकड्यांतून, स्वतःची बातमी तयार करतात. अफवा हा बिघाड नाही, ते काम आहे. मी शिबुतानींच्या बाजूचा आहे, पण बिनशर्त नाही.

कारण रिकाम्या पॅरोकियल शाळेबद्दल अधिकृत बातमी मिळतच नाही अशी व्यवस्था आहे, आणि ती कायद्यात बसलेली आहे. शिकागोत चर्चची मालमत्ता 'कॅथलिक बिशप ऑफ शिकागो' या एकाच कायदेशीर व्यक्तीच्या नावावर असते. १८६१ च्या राज्याच्या कायद्याने हे पद म्हणजेच एक कंपनी आहे, ज्याला कॉर्पोरेशन सोल म्हणतात. ज्यांच्या आजोबांनी विटांसाठी पैसे दिले त्यांना मत नाही. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक पॅरिशची वेगळी कंपनी असते, पण पाच विश्वस्तांपैकी बिशप, त्यांचे प्रतिनिधी आणि धर्मगुरू हे तिघं चर्चचेच आणि सामान्य माणसं दोन. मात्र तिथे मालमत्ता विकायला न्यायालयाची किंवा राज्याच्या ॲटर्नी जनरलची मंजुरी लागते, म्हणजे कधीतरी कागद बाहेर येतो. शिकागोच्या शेजाऱ्याला तेवढीही फट नाही. दोन शहरांत गल्लीतलं बोलणं वेगळं असेल का? मला वाटतं, असेल. हे तपासता येण्यासारखं आहे, आणि ज्याला विषय मिळत नसेल त्याने खुशाल उचलावा.

न्यूयॉर्कचं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण 'अफवा म्हणजे खोटं' हे डोक्यातून काढायला ते उपयोगी पडेल. मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेजमध्ये टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कसमोर सेंट ब्रिजिड नावाचं चर्च आहे. १८४८ मध्ये, आयर्लंडच्या दुष्काळातून पळून आलेल्या लोकांच्या काळात बांधलेलं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इमारत धोकादायक ठरली, चर्च बंद झालं आणि २००६ मध्ये पाडकामाला हातही लागला. लोक न्यायालयात गेले. त्या दिवसांत कोणी म्हणालं असतं, "काळजी करू नका, एक अनामिक माणूस येईल आणि दोन कोटी डॉलर देईल," तर तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? २००८ मध्ये नेमकं तेच झालं. दोन कोटी डॉलर, देणगीदाराचं नाव गुप्त. त्यातले ऐंशी लाख पॅरिशच्या शाळेसाठी आणि इतर कॅथलिक शाळांसाठी. चर्च २०१३ मध्ये पुन्हा उघडलं.

आणि शाळा? ती २०१९ मध्ये बंद झाली. इमारत रिकामी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराने तिथे स्थलांतरितांसाठी केंद्र सुरू केलं. निवाऱ्यातली मुदत संपलेल्यांनी तिथे यायचं, दुसरीकडे जायचं असेल तर तिकीट घ्यायचं, नसेल तर नव्या जागेसाठी रांगेत थांबायचं. त्या हिवाळ्यात शाळेबाहेर रांगा लागल्या. ज्या वस्तीत आधी देणगीदाराचा चमत्कार घडलेला आहे, तिथे पुढच्या रिकाम्या इमारतीबद्दल लोक जे बोलतात त्याला 'निराधार' म्हणणं अवघड आहे. त्यांच्याकडे आधार आहे, फक्त तो तुमच्या-माझ्या तळटीपेत बसत नाही.

ब्रिनिग आणि गार्नेट यांच्या तक्त्यात सेंट ब्रिजिडसारखी शाळा घातली तर २०१९ पासून पुढे १ येईल. २०२१ मध्येही १, जेव्हा आत कोणी नव्हतं. २०२४ च्या जानेवारीतही १, जेव्हा बाहेर शेकडो माणसं थंडीत उभी होती.

शिबुतानींच्या बाजूने बिनशर्त का नाही, तेही सांगतो. 'निवारा येणार म्हणे' ही बातमी तयार करणं खरंच एकत्र केलेलं काम असतं, पण ते काम कोणाला तरी बाहेर ठेवण्याचंही असतं. पॅट्रिशिया टर्नर यांनी १९९३ च्या पुस्तकात कृष्णवर्णीय समाजातल्या अफवांचा अभ्यास केला आणि दाखवलं की त्या मागच्या खऱ्या अन्यायांची आठवण धरून असतात. तेवढ्याच गांभीर्याने दुसरी बाजू बघायला हवी. घरमालकांच्या बैठकीत जेव्हा निवाऱ्याची कुजबुज होते, तेव्हा कधी कधी इमारतीचं काही ठरायच्या आधीच विरोधाची सह्यांची मोहीम सुरू झालेली असते, आणि त्या भीतीने भाडेकरू मिळत नाही, आणि इमारत आणखी दोन वर्षं रिकामी राहते. म्हणजे बोलण्याचा परिणाम इमारतीवर होतो.

इथे तुमच्यातल्या हुशार वाचकाने मला थांबवलं पाहिजे. 'इमारतीचं काय झालं' हा चल रिग्रेशनमध्ये घातला की झालं, असं मी म्हणत असेन तर ते चूक आहे. इमारतीची अवस्था ही शाळा बंद झाल्यानंतरची गोष्ट आहे, बंद होण्याचाच परिणाम आहे. नंतर घडलेल्या गोष्टीला नियंत्रक चल म्हणून घातलं तर ज्या परिणामाचा शोध घेताय त्याचाच एक तुकडा कापून टाकाल, आणि वर नवी चूक आत येईल. माझ्या दुसऱ्या मसुद्यात मी नेमकं हेच केलं होतं. मॅडमनी त्या पानावर फक्त एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. ब्रिनिग आणि गार्नेट यांचा बचाव करायचा तर म्हणता येईल की त्यांना एकूण परिणाम हवा आहे, मधले टप्पे नकोत. म्हणून इमारत न घालणं बरोबरच.

हा बचाव आकड्यांपुरता मला मान्य आहे, शिफारशींपुरता मान्य नाही. कारण पुस्तक आकड्यांवर थांबत नाही. ते पालकांना खासगी शाळेसाठी सरकारी मदत, करसवलत अशा धोरणांच्या बाजूने युक्तिवाद करतं: शाळा वस्ती सावरतात, म्हणून त्या वाचवा. परिणाम नेमका कुठल्या रस्त्याने पोचतो हे तिथे महत्त्वाचं ठरतं. पालकांच्या ओळखी तुटल्यामुळे वस्ती खचली असेल, तर शाळा वाचवण्याला अर्थ आहे. पण ती चर्चच्या शेजारची मोठी इमारत अंधारात राहिल्यामुळे खचली असेल, तर पैसा ती इमारत लवकर वापरात आणण्यावर खर्च करावा लागेल, आणि ते कितीतरी स्वस्तात होऊ शकेल. फिलाडेल्फियात ओसाड भूखंडांवर चार्ल्स ब्रानस आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला, चिठ्ठ्या टाकून. ५४१ भूखंड घेतले. काही साफ करून हिरवळ लावली, काहींना हात लावला नाही. २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा साफ केलेल्या भूखंडांजवळच्या लोकांची भीती कमी झाली होती, आणि गरीब वस्त्यांत बंदुकीचा हिंसाचारही घटला होता. शाळा नाही, धर्मगुरू नाही, पालकसभा नाही. गवत आणि लाकडी कुंपण.

पुस्तकाकडे याचं अर्धं उत्तर आहे, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिकागोत त्यांनी चार्टर शाळाही तपासल्या, आणि कॅथलिक शाळांसारखा गुन्हे रोखण्याचा परिणाम तिथे दिसला नाही. म्हणजे नुसती इमारत भरून, आत मुलं आणून भागत नाही, असं त्या म्हणू शकतात. पण चार्टर शाळेत मुलं शहरभरातून येतात, गल्लीतून नव्हे. आणि ती कुठे उघडायची हे चालवणारे ठरवतात. जुन्या कॅथलिक इमारतीत आलेली चार्टर शाळा आणि दुकानांच्या जागेत आलेली चार्टर शाळा यांची तुलना वेगळी काढली तर काही बोलता येईल. माझ्या मते ही त्या पुस्तकातली सर्वात मोठी मोकळी जागा आहे.

व्यवहारात हे कसं करायचं, असं बऱ्याच जणांनी मागच्या पोस्टनंतर विचारलं. मी सध्या असं करतोय. प्रत्येक बंद शाळेसाठी एक ओळ नाही, तर प्रत्येक वर्षाची एक ओळ. रिकामी, भाड्याने, विकलेली, पाडलेली. यासाठी मालमत्तेच्या नोंदी, बांधकाम आणि पाडकामाचे परवाने, स्थानिक वर्तमानपत्रं, आणि पॅरिशची रविवारची पत्रकं. ही पत्रकं लोक हलक्यात घेतात. हॉल कोणाला दिला, बॉयलर कधी बंद पडला, ॲस्बेस्टॉस काढायला किती निधी हवा, सगळं त्यात असतं. ॲस्बेस्टॉसचा मुद्दा किरकोळ समजू नका. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने खासगी शाळांनाही त्याची तपासणी करावी लागते, त्यामुळे कुठल्या इमारतीत किती आहे याची कागदपत्रं असतात, आणि पुष्कळदा इमारत रिकामी राहण्याचं कारण वस्तीच्या कुजबुजीत नसून त्या कागदात असतं.

आणि बोलण्याची वेगळी वही. कोण काय म्हणालं, कोणाकडून ऐकलं म्हणालं, केव्हा. खरं निघालं का, हा रकाना मी आधी पहिला ठेवला होता. आता शेवटी टाकलाय, आणि त्याच्या आधी एक नवा रकाना घातलाय: हे ऐकून त्याने काय केलं. घर विकायला काढलं, सभेला गेला, धर्मगुरूला पत्र लिहिलं, काहीच नाही. पहिल्या अकरा मुलाखतींपैकी चारांत लोकांनी अफवा सांगितली, पण ती स्वतः ऐकली असं कोणी कबूल केलं नाही. दुसऱ्यांनी ऐकली होती म्हणे.

ब्रिनिग आणि गार्नेट यांचं पुस्तक मिळालं तर शिकागोची प्रकरणं आधी वाचा, धोरणाचं प्रकरण नंतर. माझ्या प्रतीत शिकागोच्या पानांवर पेन्सिलीने इतकं लिहिलंय की ती आता कोणाला उसनी देता येत नाही.